पळस, तूर, हरभरा: धुऱ्यावर उभं राहून पलाश उपकुळ ओळखायची पद्धत

शेंग लागली की झाड डाळवर्गातलं, एवढी ओळख आपल्याकडे सगळ्यांनाच असते. पण बाभळीलाही शेंग लागते, चिंच तर शेंगच आहे, आपट्याची शेंग वाळून झाडावर लटकलेली दिसते आणि बहाव्याची लांब काळी नळी पोरं खेळायला उचलतात. ही सगळी एकाच मोठ्या कुळातली, शिंबावंत कुळातली. तरी तुरीचं जवळचं नातं यांच्यापैकी कुणाशीच नाही. ते धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, पळसाशी आहे. हे नातं पुस्तक न उघडता, फूल हातात घेऊन कसं पाहायचं ते या लेखात पायरीपायरीने सांगतो.

शिंबावंत कुळात जगभर सुमारे ७६५ प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) आणि १९,५०० च्या आसपास जाती आहेत. सपुष्प वनस्पतींत ऑर्किड आणि सूर्यफुलाच्या कुळांनंतर हे तिसरं मोठं कुळ. आपल्या शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत त्याचे तीन भाग शिकवले जात: पलाश उपकुळ, संकेश्वर उपकुळ (बहावा, गुलमोहर, आपटा, चिंच यांचं) आणि शिरीष उपकुळ (शिरीष, बाभूळ यांचं). २०१७ मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी मिळून, हरितलवकातल्या एका जनुकाच्या आधारे, याची मांडणी बदलली आणि तीनाची सहा उपकुळं झाली. त्यात शिरीष उपकुळ वेगळं राहिलं नाही, ते बहावा-गुलमोहराच्या उपकुळात सामावलं. आपटा आणि कांचन वेगळे निघाले, चिंच वेगळी निघाली. पलाश उपकुळ मात्र जवळपास जसंच्या तसं टिकलं. सुमारे ५०० प्रजाती आणि १४,००० जाती, म्हणजे साऱ्या कुळाचा दोन तृतीयांशाहून मोठा भाग एकट्या या उपकुळात आहे. आपल्या वावरातली झाडून सगळी कडधान्यं, भुईमूग आणि सोयाबीन यातच येतात. म्हणून सुरुवात इथूनच करावी.

सोबत काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, दोन टाचण्या, दाढीचं ब्लेड, एक वही आणि पांढरा कागद. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा, बरंच काम भागतं. सकाळी लवकर निघा. तुरीची, मुगाची फुलं दुपारपर्यंत मलूल होतात आणि मग पाकळ्या सोडवताना फाटतात.

पायरी १: झाड या कुळातलं आहे ना, ते आधी पाहा

तीन गोष्टी पाहायच्या. पान बहुधा संयुक्त असतं, म्हणजे एका देठावर अनेक पर्णिका. पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो तिथे सांध्यासारखा फुगवटा असतो. संध्याकाळी पानं मिटतात ती याच सांध्यामुळे. आणि फळ शेंगेचं असतं, एकाच कप्प्याचं, दाणे एकाच शिवणीला ओळीने चिकटलेले. तुरीची हिरवी शेंग सोलताना दाणे आळीपाळीने डाव्या-उजव्या सालीला चिकटून येतात. कारण दोन्ही सालींची ती शिवण एकच असते.

शेवग्याच्या शेंगेने गोंधळू नका. ती तीन धारांनी उकलते आणि तिचं कुळच निराळं आहे.

पायरी २: तुरीचं एक फूल नीट उकला

ही पायरी घाईत उरकू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे. पऱ्हाटीतल्या तुरीच्या तासातून पूर्ण उमललेलं एक फूल आणि उद्या उमलेल अशी एक कळी घ्या.

फूल कागदावर आडवं ठेवा. सर्वांत मोठी, मागे उभी राहिलेली पाकळी म्हणजे ध्वज. तुरीत ती पिवळी, आणि पुष्कळ वाणांत तिच्या पाठीवर तांबूस रेषा असतात. ध्वजाच्या पुढे दोन्ही बाजूंना एकेक पाकळी, हे पंख. पंख टाचणीने हळूच बाजूला केले की आत दोन पाकळ्या खालच्या कडेला एकमेकींना चिकटून होडीसारख्या झालेल्या दिसतात. त्यांना नौका म्हणतात. पुंकेसर आणि स्त्रीकेसर या होडीच्या पोटात दडलेले असतात. मधमाशी पंखांवर बसली की तिच्या वजनाने नौका खाली दबते, पुंकेसर वर येतात आणि तिच्या पोटाला पराग लागतो. टाचणीने नौका खाली दाबून पाहा, हे तुम्हालाही करता येतं.

आता कळी. तिच्यावरचा हिरवा निदलपुंज सोलून काढा आणि कुठली पाकळी सर्वांत बाहेर आहे ते पाहा. ध्वज बाहेर असतो, त्याने बाकीच्या चौघींना पोटाशी धरलेलं असतं. पलाश उपकुळाची हीच मुख्य खूण. आता गुलमोहराची कळी उघडा. त्याच्या फुलातही एक पाकळी वेगळी असते, पांढरट ठिपक्यांची, आणि ती पाहून पुष्कळ जण तिलाच ध्वज समजतात. पण कळीत ती सर्वांत आत असते, शेजारच्या पाकळ्या तिला झाकतात. उमललेल्या फुलावर हा फरक कळत नाही, कळीतच कळतो. म्हणून कळी घ्यायचीच.

पायरी ३: बाकीचे गाळून टाका

बाभूळ, हिवर, खैर, सौंदड, शिरीष, सुबाभूळ यांची फुलं गोंड्यांत किंवा तुऱ्यांत येतात. पाकळ्या इवल्याशा, एकमेकींवर न चढणाऱ्या, आणि जे दिसतं ते पुंकेसरांचं पुंजकं. इथे ध्वजाचा प्रश्नच येत नाही.

बहावा आणि तरोटा यांच्या पाकळ्या पाच, साधारण सारख्या, मोकळ्या. पुंकेसर उघडे आणि कमीजास्त लांबीचे. बहाव्यात तर तीन लांब, कमान झालेले, चार मध्यम आणि तीन खुजे असे दहा पुंकेसर नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. आपटा पानावरूनच कळतो. चिंचेचं फूल पावसाच्या तोंडावर पाहायला मिळतं. तीन पाकळ्या नीट वाढलेल्या, दोन नावापुरत्या, आणि कामाचे पुंकेसर तीनच.

पायरी ४: पुंकेसर मोजा आणि ते कुठे जोडलेत ते पाहा

तुरीच्या फुलाची नौका ब्लेडने उभी कापा. दहा पुंकेसर दिसतील. नऊ जणांचे तंतू खाली जोडून त्यांची नळी झालेली असते आणि ध्वजाच्या बाजूचा दहावा सुटा असतो. टाचणीचं टोक त्या सुट्याखाली घालून उचला, तो एकटाच वर येतो. मूग, उडीद, वाल, हरभरा, लाखोळी (लाख), पळस, सगळीकडे हाच नऊ आणि एकचा हिशेब.

तागाच्या फुलात मात्र दहाही जोडलेले असतात. भिंगाखाली पाहिलं तर परागकोशही दोन प्रकारचे दिसतात, पाच लांबट आणि पाच गोलसर, एकाआड एक. तागाच्या भाऊबंदांत माळावर उगवणारे खुळखुळे येतात, ज्यांची फुगीर वाळकी शेंग हलवली की आत दाणे वाजतात. भुईमुगातही पुंकेसर सगळे जोडलेले. शिसमात बहुधा नऊच, तेही एकत्र.

पायरी ५: पान वाचा

कुठेही जा, पळसाला पाने तीनच. ही म्हण वनस्पतिशास्त्राच्या वहीतही पहिल्या पानावर लिहावी अशी आहे. पळसाला तीन पर्णिका, तुरीला तीन, मूग, उडीद, बरबटी (चवळी), वाल, सोयाबीन, पांगारा, खाजकुयरी, सगळ्यांना तीनच. वालाच्या गटात यांना एकत्र ठेवतात. जनुकांच्या अभ्यासात या गटाच्या कडा पुढेमागे सरकल्या आहेत, पण बांधावरच्या ओळखीला तो पुरेसा आहे.

तीन पर्णिका मेथीला आणि लसूणघासालाही असतात, मग फरक कसा करायचा? मेथीच्या पर्णिकेच्या कडेला बारीक दाते असतात, वालाच्या गटात कडा सरळ. दुसरं, पळसाची किंवा मुगाची पर्णिका जिथे देठाला चिकटते तिथे भिंगाने पाहा, सुईसारखी बारीक उपांगं दिसतात. मेथीत ती नसतात. तुरीच्या पानाच्या खालच्या बाजूला पिवळसर ग्रंथींचे ठिपकेही दिसतात. रानतुरीतही ते सापडतात, आणि शेंगेवर दाण्यांच्या मध्ये तिरक्या खाचा दिसल्या तर शंका उरत नाही.

पर्णिका अनेक असतील तर त्या समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते पाहा. करंजात समोरासमोर. शिसम आणि बिजा यांच्यात एकाआड एक. हरभऱ्यात पर्णिका पुष्कळ, कडा करवतीच्या, आणि सगळ्या झाडावर ग्रंथींचे केस. त्यातून झिरपणारी आंब चाखून पाहिलेली नसेल असा विदर्भातला शेतकरी विरळा. ती आंबट लागते मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांमुळे. लाखोळी आणि वटाण्यात पानाच्या टोकाला पर्णिकेऐवजी ताणा असतो.

एक सोपी खूण पोरांना फार आवडते. माळावर, पडीत वावरात गुलाबी-जांभळ्या फुलांचं शरपुंखाचं झुडूप असतं. त्याची एक पर्णिका दोन्ही टोकांना धरून ओढा. ती सरळ न फाटता शिरांच्या बाजूने कोनात तुटते, बाणाच्या शेपटासारखी. या प्रजातीची ही पक्की ओळख.

खरीप-रब्बीची रेघ आणि उपकुळाच्या फांद्या

इथवर आलात की वहीत एक तक्ता करा. एका बाजूला खरिपातली शेंगवर्गीय पिकं लिहा, दुसऱ्या बाजूला रब्बीतली. खरिपात तूर, मूग, उडीद, सोयाबीन, बरबटी, वाल, कुळीथ. रब्बीत हरभरा, लाखोळी, वटाणा, मसूर, मेथी. आता पलाश उपकुळाचा वंशवृक्ष पाहिला तर आपल्या या दोन रकान्यांमधून जाणारी रेघ तिथेही जवळपास तशीच सापडते.

हरभरा, लाखोळी, वटाणा, मसूर, मेथी ही सारी एकाच फांदीवरची. या फांदीची खूण पेशीच्या आत आहे. बहुतेक वनस्पतींच्या हरितलवकात जनुकांचा एक लांब पट्टा उलटसुलट असा दोनदा असतो. या फांदीत त्यातली एक प्रत गळून गेली. ज्या एका पूर्वजात ती गळाली, त्याच्या जवळजवळ साऱ्या वंशात ती परत आली नाही. ही पिकं पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या आसपासच्या थंड, ओलसर हिवाळ्यात वाढलेल्या रानझाडांपासून आली, म्हणून त्यांना आपली थंडी मानवते आणि मृगाचा पाऊस मानवत नाही.

तूर, मूग, उडीद, सोयाबीन, बरबटी दुसऱ्या फांदीवर आहेत. ही उष्ण प्रदेशातली फांदी. तूर, मूग, उडीद आपल्या भारतातले, बरबटी आफ्रिकेतली, सोयाबीन चीनकडचं. यांना वाढायला ऊब लागते, आणि तूर-सोयाबीनला फुलायला दिवस आखूड व्हावे लागतात. पळस, पांगारा, करंज, गोकर्ण हीही याच फांदीवर. गवार आणि नीळ यांची एक वेगळी डहाळी आहे, पण तीही उष्ण फांदीला लागून.

मला या उपकुळात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. पेरणीचं वेळापत्रक आपल्या आज्या-पणज्यांनी पाऊस आणि थंडी पाहून बसवलं, आणि ते या झाडांच्या प्राचीन वंशाशी इतकं जुळतं. भंडारा-गोंदियाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान उभा असतानाच ओलीवर लाखोळी फेकतात, तेव्हा दोन हंगामांचा सांधा जसा असतो तसाच दोन फांद्यांचाही असतो.

भुईमूग या हिशेबात बसत नाही, आणि त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. तो तिसऱ्या फांदीवरचा, शिसम आणि बिजाच्या घरचा. बिजाच्या खोडाला घाव घातला की रक्तासारखा लाल डिंक वाहतो, त्याची शेंग गोल, चपटी, कडेला पंखासारखी. तो कुठे आणि वीतभर उंचीचा, दक्षिण अमेरिकेतून आलेला भुईमूग कुठे! पण नातं मुळांत दिसतं, ते पुढच्या पायरीत पाहू. भुईमुगाचं फूल मात्र अवश्य पाहा. जो लांब देठ वाटतो तो देठ नसून निदलपुंजाची नळी असते आणि बीजकोश तिच्या अगदी बुडाशी बसलेला असतो. फलन झालं की त्याच्याखालचा भाग लांबतो, आऱ्या सुटतात आणि मातीत शिरतात.

पायरी ६: मुळं उपटून पाहा

एखादं रोप फावड्याने मातीसकट काढा, नुसतं ओढू नका, गाठी मातीतच राहतात. पाण्यात बुडवून माती सोडवा.

सोयाबीन, मूग, तूर, बरबटी यांच्या गाठी गोल, मण्यासारख्या. हरभरा, वटाणा, लाखोळी यांच्या गाठी लांबट, कधी बोटांसारख्या फुटलेल्या, कारण त्या टोकाला वाढत राहतात. भुईमुगाच्या गाठी जिथून बाजूचं मूळ फुटतं नेमक्या त्या काखेत, आणि शिसमाच्या घराण्यातही जागा तीच. गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी-लाल असेल तर ती हवेतलं नत्र बांधते आहे. हिरवट किंवा करडी असेल तर तिचं काम संपलंय किंवा सुरूच झालं नाही.

जवळपास सगळं पलाश उपकुळ असं नत्र बांधतं. बाभूळ, सुबाभूळ बांधतात. पण बहावा, तरोटा, चिंच, आपटा यांच्या मुळांना गाठी येत नाहीत. शेंगेचं झाड लावलं म्हणजे जमीन सुधारली, हे सरसकट खरं नाही, आणि धुऱ्यावर काय लावायचं ते ठरवताना एवढं लक्षात ठेवाच.

बियाण्याला जिवाणू संवर्धन लावतानाही हे ज्ञान कामी येतं, पण जपून. हरभऱ्याला त्याचा स्वतंत्र जिवाणू लागतो. वटाणा, मसूर, लाखोळी यांना एकच चालतो. मूग, उडीद, तूर, बरबटी, भुईमूग यांचा एक गट. सोयाबीन मुगाच्या इतकं जवळचं असूनही त्याचा जिवाणू वेगळा, म्हणजे नात्यावरून इथे नेम लावता येत नाही. पाकिटावर ज्या पिकाचं नाव असेल त्याच पिकाला ते वापरा, सर्वसाधारणपणे १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून.

पायरी ७: शेंगेवरून जात नक्की करा

उपकुळ आणि फांदी कळली की शेवटचा निवाडा शेंग देते. पळसाची शेंग चपटी, मऊ लवेची, आणि बी एकच, तेही टोकाला. त्याचं शास्त्रीय नाव ब्यूटिया मोनोस्पर्मा, त्यातला दुसरा शब्द याच एका बीवरून आला. मूग आणि उडीद पानांवरून सारखे वाटले तर शेंगा पाहा. मुगाच्या शेंगा आडव्या पसरतात किंवा लोंबतात, उडदाच्या वर उभ्या राहतात आणि त्यांचे केस लांब असतात. उडदाच्या दाण्याचा पांढरा डोळा कडेने उचललेला व मधे खोलगट, मुगाचा सपाट.

जंगलातून परतताना धोतराला, पायजम्याला चिकटणाऱ्या चपट्या कुसळ्या म्हणजे बऱ्याचदा सालपर्णीच्या गटातल्या शेंगांचे सुटे पेरच असतात. शेंग सांध्यासांध्याला तुटते आणि प्रत्येक पेरात एक बी. तिवसाचा मोठा वृक्षही याच गटातला आणि त्याची शेंगही पेरांची.

जपायच्या गोष्टी

गुंजेचं बी लहान मुलांच्या हाती देऊ नका. फोडलेलं किंवा चावलेलं बी जीव घेऊ शकतं, त्यातलं अॅब्रिन हे प्रथिन अतिशय विषारी आहे. खाजकुयरीच्या शेंगेवरची तपकिरी लव अंगाला लागली की माणूस बेजार होतो; शेंग तोडायची असेल तर चिमट्याने, आणि वारा शेंगेकडून आपल्याकडे येणार नाही अशा बाजूला उभं राहून. लाखोळीच्या दाण्यात मज्जासंस्थेला अपाय करणारं ओडॅप नावाचं द्रव्य असतं. महिनोन् महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात, थोड्या प्रमाणात डाळ-भाजी म्हणून खाणं ही वेगळी गोष्ट.

ताडोबा, मेळघाट किंवा कुठल्याही अभयारण्यात परवानगीशिवाय फांदी तोडू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते मना आहे. तिथे फोटो पुरे. आपल्या वावरातला नमुना ठेवायचा तर फूल, शेंग आणि पान तिन्ही असलेली डहाळी वर्तमानपत्रात दाबा, वर वजन ठेवा. पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. सुकला की सुमारे २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवा. खाली गाव, तारीख, जमीन कशी, झाडाची उंची, ताज्या फुलाचा रंग आणि गावातलं नाव लिहा. रंग तर आठवणीने लिहा, सुकलेल्या फुलावरून तो पुढे कुणालाच सांगता येत नाही. गावातलं नावही तितकंच महत्त्वाचं. जे आपण हेटा म्हणतो ते इतरत्र हदगा किंवा अगस्ता आहे.

कधी काय पाहायचं

पोळ्याच्या सुमारास मूग, उडीद, सोयाबीन, बरबटी आणि माळावरचे खुळखुळे, शरपुंखा, निळीच्या जाती. दिवाळीच्या मागेपुढे तूर, आणि थंडीत वाल व हेटा. डिसेंबर-जानेवारीत हरभरा, आणि पूर्व विदर्भात असाल तर बांधीतली निळी लाखोळी. हरभऱ्याचं फूल देशी वाणात गुलाबी-जांभळं, काबुलीत पांढरं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगारा. पळसाचं फूल मोठं असल्याने नवशिक्याने पहिलं फूल त्याचंच उकलावं, नऊ आणि एक पुंकेसर भिंगाशिवाय मोजता येतात. पुढे एप्रिल-मेमध्ये करंज फुलतो, पहाटे त्याच्याखाली फिकट जांभळ्या-पांढऱ्या फुलांचा सडा असतो, आणि तोडावं न लागता हवी तेवढी फुलं व कळ्या वेचून आणता येतात.